‘नटसम्राट’ : वाटून दिलेले घर, हिरावलेले नाव

१/ २३ डिसेंबर १९७०. मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात गोवा हिंदू असोसिएशनने वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ प्रथम रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू.

२/ नाटकावर शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया स्पष्ट आहे. लिअर हयातीतच मुलींना राज्य वाटतो. बेलवलकर आयुष्याची कमाई नंदा आणि नलू या मुलांना देऊन मोकळे होतात. शिरवाडकरांनी मात्र राजाच्या जागी नट उभा केला.

३/ राजाची ओळख राज्यात असते, नटाची नावात. मुलाच्या घरी आप्पांचे वागणे-बोलणे अडचणीचे ठरते. लेकीच्या घरी तर त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. ज्या नावावर प्रेक्षकांनी जीव ओवाळला, तेच पोटच्या मुलीपाशी कवडीमोल होते. वृद्ध दांपत्य घर सोडते. पुढे पत्नी कावेरीही जाते.

४/ लिअरपाशी अखेर कॉर्डेलिया परतते. आप्पांना तशी तिसरी लेक नाही. त्यांना आधार देतो तो बूटपॉलिश करणारा, रस्त्यावरचा राजा.

५/ मृत्यूसमयी आप्पांना आपली ओळख पुन्हा गवसते, ती सीझर, ऑथेल्लो अशा गाजवलेल्या भूमिकांत. बाप म्हणून गमावलेले नाव ते नट म्हणून परत घेतात.

६/ १९७४ मध्ये या नाटकाला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद केली. आप्पांनी अट घातलीच नव्हती. आणि त्यांनी गमावले ते केवळ घर नव्हते.