भीमाखोऱ्यातील पहिली घरे

निमगाव केतकीच्या परिसरात प्राचीन इतिहासाचा विषय निघाला की बोलणे नीरा-भीमेच्या संगमावर, नरसिंहपुरापाशी येते. तेथील वाळूची नृसिंहमूर्ती प्रल्हादाने घडविली, ही कथा आम्हीही श्रद्धेने ऐकतो. परंतु याच खोऱ्याची आणखी एक स्मृती मातीखाली होती.

घोड ही भीमेची उपनदी. तिच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. इ.स.पू. 1600 ते 700 च्या सुमारासची ती शेतकऱ्यांची वसाहत. जव पिकविणारी, पाटाने पाणी नेणारी. मृत बालकांना ते दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्याच जमिनीखाली पुरत. प्रौढांचे पाय मात्र घोट्यापासून तोडलेले. मृताने परत येऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. आम्हांला तो पटत नाही. ज्याची भीती वाटते त्याला कोणी घरात ठेवील काय? त्याने घर सोडू नये, हेच मागणे असावे.

एका घराखाली मातीच्या पेटीसह शीरहीन स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला. अभ्यासक तिला देवी मानतात.

पुढे पाऊस घटला, नांगर सुटला, माणसे गुरांमागे भटकू लागली, असे डॉ. म. के. ढवळीकर यांचे प्रतिपादन. अवर्षण म्हणजे काय, हे इंदापूरकरांना वेगळे सांगायला नको.