होळीला घरी आलेली मुलं

अक्कलकुवा तालुक्यात लहान मुलांच्या वाचा-उपचाराचं वर्ष सुरू होतं ते होळीच्या आठवड्यात. शाळेचा जून इथे फारसा उपयोगाचा नाही. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन गुजरातेत, सुरत-बारडोलीकडच्या उसाच्या फडावर निघून जातात. कडेवरचं पोर, चालतं पोर, त्यांच्याबरोबर पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर. मागे घराला काटी लावलेली आणि म्हातारी माणसं राहिलेली. पण होळीला सातपुड्यातला माणूस घरी येतो. फडात ऊस उभा असला, मुकादम कुरकुरला, तरी येतो. म्हणून ज्याला ऐकू कमी येतं, ज्याची टाळू फाटलेली आहे, जे तीन वर्षांचं होऊनही आईला ‘याहा’ म्हणून हाक मारत नाही, असं मूल माझ्यासमोर येतं ते फाल्गुनात.

मी खानदेशातली. आईची बोली अहिराणी, शिक्षण मुंबईत आणि नोकरी सातपुड्याच्या पायथ्याशी. बोलायला उशीर झालेल्या मुलांना बोलतं करणं हे माझं काम. वसंतात मुलांकडून काय करून घ्यावं याची पुस्तकं जगभर निघतात. अक्कलकुव्यात वसंत म्हणजे काय आणि इथल्या मुलांच्या जिभेशी त्याचं नातं किती जुनं आहे, हे मला लिहून ठेवायचं आहे.

सुरुवात काठीपासून करते. मोलगीच्या बाजूचं हे डोंगरातलं गाव. इंग्रजांच्या काळी काठी, चिखली, नाल, सिंगपूर, नवलपूर आणि गव्हाळी अशी सहा मेहवासी संस्थानं खानदेशच्या कलेक्टरच्या राजकीय देखरेखीखाली होती आणि त्यांत काठी सगळ्यात मोठं. संस्थान गेलं, होळी राहिली. काठीची राजवाडी होळी 1246 सालापासून चालत आली, असं परंपरा सांगते. उंच बांबू गुजरातच्या जंगलातून वाजतगाजत आणतात, खड्डा हातांनी उकरतात, रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. ढोल एवढे असतात की जमीन हलल्यासारखी वाटते. नवसाची माणसं आधीचे दिवस पालनी पाळतात: जमिनीवर निजायचं, स्वतःचं अन्न स्वतः रांधायचं, पायात काही घालायचं नाही. मग ते बावा होतात, बुध्या होतात. अंगावर राखेचे पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. त्यांच्या पायांशी तसेच रंगवलेले, तसेच घुंगरं बांधलेले छोटे बुध्या नाचत असतात.

या छोट्या बुध्यांकडे मी धंद्याच्या नजरेने पाहते. कमरेला घुंगरं बांधलेल्या मुलाला प्रत्येक हालचालीचं उत्तर लगेच मिळतं. हललं की वाजतं, थांबलं की वाजायचं थांबतं. ढोल थांबला की सगळे थांबतात, पुन्हा पडला की सगळे निघतात. आता माझी पाळी, आता तुझी. बोलण्याच्या आधी मुलाला हेच यावं लागतं. समोरच्याकडे पाहणं, त्याची वाट पाहणं, आपली पाळी आली की आवाज करणं हे ज्या मुलात आलेलं नाही, त्याच्याकडून शब्द वदवून घेण्यात वेळ वाया जातो.

आणखी एक गोष्ट. सातपुड्यात होळी एकाच रात्री सगळीकडे पेटत नाही. गावागावांचे दिवस वाटलेले असतात. आज या गावाला, उद्या पलीकडच्या पाड्याला, परवा मोठ्या गावाला, असं ते चालतं. त्याआधी भोंगऱ्या बाजार. तिथे डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगन घ्यायचे. म्हणजे मूल तीच हाक, तोच ठेका, त्याच वस्तूंची नावं ओळीने कितीतरी दिवस ऐकतं, आणि दर वेळी आनंदात ऐकतं. एखादा शब्द मुलाच्या तोंडात बसायला तो अनेकदा, वेगवेगळ्या जागी, अर्थासकट कानावर पडावा लागतो. उपचाराच्या खोलीत आम्ही हे कष्टाने घडवून आणतो. इथे गावंच्या गावं ते पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत.

आता माझ्या धंद्याचा इतिहास. तो फार लांबचा नाही. मुंबईत बहिऱ्या मुलांची पहिली शाळा 1885च्या सुमाराला निघाली. वाचा आणि श्रवण या विषयाची अखिल भारतीय संस्था म्हैसूरला 1965 मध्ये उभी राहिली, आणि त्याच दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयाला जोडलेल्या टोपीवाला महाविद्यालयात या विषयाचं शिक्षण सुरू झालं. 1983 मध्ये वांद्र्याला राष्ट्रीय संस्था आली. तिला नाव मिळालं ते 1971 ते 1976 या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचं. ही सगळी ज्ञानाची केंद्रं शहरांत. सातपुड्याकडे ते ज्ञान आलं कायद्यांच्या आणि योजनांच्या वाटेने: 1995चा अपंग व्यक्ती कायदा, मग सर्व शिक्षा अभियान आणि त्यातले फिरते विशेष शिक्षक, आणि 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. या शेवटच्या योजनेत अंगणवाड्या आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि तिच्या तीस आजार-व्यंगांच्या यादीत जन्मतः बहिरेपण, फाटलेली टाळू, फुटलेले कान आणि भाषेचा उशीर हे चारही आहेत. दरम्यान 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नाहीतर देवगोई घाट उतरून आलेल्या आईला मुलाचा कान दाखवायला धुळ्यापर्यंत जायची वेळ होती.

ज्ञानाबरोबर त्याची हत्यारंही आली, आणि मला खंत आहे ती इथे. आमच्या शिक्षणातली चित्रकार्डं, खेळांच्या याद्या, ऋतूंचे तक्ते इंग्लंड-अमेरिकेच्या वळणाने काढलेले होते. तिकडे वाचा-सुधारणेचं शास्त्र आधी रुजलं, चार्ल्स व्हॅन रायपरचं गाजलेलं पाठ्यपुस्तक 1939चं, त्यामुळे ते साहजिक होतं. पण त्या तक्त्यांतल्या वसंतात पाऊस पडतो. छत्री, रेनकोट, डबक्यात उड्या, ट्यूलिप, अंड्यातून निघणारं पिवळं पिल्लू. आमच्या वसंतात नाले आटतात, पळस पेटल्यासारखा फुलतो आणि मोहाखालची जमीन पाला जाळून स्वच्छ केलेली असते. मार्चमधल्या छत्रीचं चित्र पाहून जे मूल गप्प राहिलं, त्याच्या कागदावर ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलं जायचं. तो शेरा खरं म्हणजे कार्डावर मारायला हवा होता.

याचं उत्तर महाराष्ट्रात आधीच सापडलेलं होतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणात नेली. साधनं कुठली, तर पानं, बिया, शिंपले, खडे, काड्या. माँटेसोरीची महागडी पेटी बाजूला ठेवून त्यातलं तत्त्व तेवढं घेतलं. बालशिक्षण शिकलेल्या प्रत्येकाला हे पाठ असतं. वाचा-उपचाराच्या वर्गात मात्र कोसबाडचं नाव माझ्या कानावर कधी पडलं नाही. दोन शेजारी शास्त्रांची ओळखच करून दिली गेली नाही.

मी वसंतात जे करते, ते सगळं कोसबाडच्या वाटेचं आणि इथल्या आयांकडून घेतलेलं. मोह पहाटे गळतो. आया टोपल्या घेऊन निघतात, मागे मुलं. मी शक्य तिथे त्यांच्याबरोबर जाते. उचल, टाक, अजून, संपलं, माझं, तुझं हे शब्द मोहाच्या झाडाखाली दर मिनिटाला लागतात. जे मूल अजून एकच शब्द बोलतं त्याला दोन शब्द जोडायला याहून चांगली जागा नाही. आई टोपली मुद्दाम लांब धरते आणि थांबते. मुलाला ती हवी असते, म्हणून तोंडातून काहीतरी निघतं. ते जे काही निघेल, त्याला आम्ही शब्द मानतो आणि लगेच टोपली पुढे करतो. पुढे चैत्र-वैशाखात आमचूर. मोलगीच्या बाजारात जाणारं आमचूर घरोघरी होतं. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, खडकावर वाळत घालायच्या. आंबट, मीठ, दे, खा, ऊन. मोठं माणूस कामात असतं, मूल शेजारी असतं आणि दोघांचं लक्ष एकाच वस्तूवर असतं. दोघांचं लक्ष असं एकत्र आलं की शब्द रुजायला लागतो.

पानाच्या पिपाणीबद्दल थोडं सावधपणे लिहायला हवं. मुलं कोवळं पान ओठांत धरून वाजवतात, बासरीही फुंकतात, आणि फुंकर मारली की उच्चार सुधारतात अशी समजूत फार पसरली आहे. तसं होत नाही. फुंकण्याने फुंकणं सुधारतं. प, ब, म हे ओठांचे वर्ण बोलूनच येतात. फाटलेल्या टाळूच्या मुलाला फुग्यांच्या व्यायामात गुंतवून शस्त्रक्रिया लांबवणं तर अन्यायच आहे. पिपाणीचा उपयोग वेगळा आहे. एकाने वाजवायची, दुसऱ्याने ऐकून वाजवायची, आणि वाजली की दोघांनी हसायचं. तेवढ्यासाठी ती सोन्याची.

भाषेचा मुद्दा यात सगळ्यात नाजूक. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिली बोलींचा आणि खानदेशीचा भाग 1907 मध्ये छापला गेला. मराठीत जिथे ‘स’ येतो तिथे अनेक भिली बोलींत ‘ह’ येतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांना तेव्हापासून ठाऊक आहे. आमच्या तालुक्यात देहवाली बोलणारं, नोइरी बोलणारं मूल असा ‘ह’ म्हणतं तेव्हा ते आपल्या आईसारखं अगदी बरोबर बोलत असतं. मराठीच्या मापाने तपासणारा त्याला उच्चारदोष ठरवतो. असे कागद मी पाहिले आहेत. उलटही होतं. खरोखर ऐकू न येणारं मूल ‘याला मराठी कळत नाही’ म्हणून वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतं. ही दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण तेवढ्यात त्याची भाषा शिकण्याची वर्षं निघून जातात.

मुलाच्या बोलीत शिकवण्याचा धडा याच तालुक्यात गिरवला गेला होता. सरदार सरोवराचं पाणी चढायला लागलं तेव्हा, 1990च्या दशकाच्या सुरुवातीला, नर्मदा बचाओ आंदोलनाने बुडिताच्या गावांत जीवनशाळा काढल्या. अक्कलकुव्यातलं चिमलखेडी हे त्यांतलं सुरुवातीचं गाव. तिथे गावातलेच तरुण शिक्षक झाले आणि मुलांची पहिली अक्षरं त्यांच्या बोलीतून आली. घरं पाण्याखाली जात असताना लोकांनी हे केलं. तोच धडा गिरवायचा म्हणून मी मुलाच्या आजीला शेजारी बसवते. वस्तूचं नाव आधी आजी सांगते, मी तिच्यामागून म्हणते, मग मुलाची पाळी. माझे उच्चार अडखळतात तेव्हा मूल मला सुधारतं, आणि जे मूल दुसऱ्याला सुधारतं त्याला बोलण्याचं भय उरत नाही.

मागच्या काही होळ्यांत बऱ्याच गावांत ढोलाशेजारी डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या. ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये शांतता असते. मूल त्या शांततेत आवाज काढतं. भिंतीसमोर उभ्या असलेल्या मुलाला आपला आवाजच ऐकू येत नाही, आणि कानात यंत्र घातलेलं मूल ते काढून आईच्या हातात देतं. काठीसारख्या ठिकाणी जुन्या जाणत्यांनी पारंपरिक वाद्यांचा आग्रह धरला आहे तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो. त्यात या मुलांचाही हिशेब आहे.

अंगणवाडीच्या ताईंना आणि आशाताईंना माझी एक विनंती आहे. होळीच्या आठवड्यात आपल्या पाड्यावर फडावरून कुठली कुटुंबं आली, ते पाहा. वर्षाचं मूल मागून वाजवलेल्या ताटलीकडे वळतं का, दीड वर्षाचं एकतरी शब्द बोलतं का, दोन वर्षांचं दोन शब्द जोडतं का, हे त्याच्या आईला तिच्या बोलीत विचारा. कान वाहत असेल तर लिहून घ्या. ‘मोठा झाला की बोलेल, याचा बापही उशिरा बोलला’ असं कोणी म्हटलं तरी नाव नोंदवा आणि आरोग्य पथकाला कळवा. होळी झाली की यातली बरीच कुटुंबं फड संपवायला पुन्हा गुजरातेत जातात. पुढची गाठ थेट पावसाळ्याच्या तोंडावर पडते.