महागडा प्रोसेसर खरेच परवडतो का?

नवा संगणक घ्यायचा ठरला, की पहिला प्रश्न येतो प्रोसेसरचा. दुकानातील दरपत्रकात एकाच मालिकेचे तीन-चार प्रोसेसर शेजारी-शेजारी असतात. नावे सारखीच, मात्र किमतींत दुपटी-तिपटीचे अंतर. अशा वेळी 'सर्वात महाग तोच सर्वात चांगला' असे वाटणे स्वाभाविक आहे. हा समज पूर्णपणे खोटा नाही. परंतु जास्तीच्या पैशांतून नेमके काय पदरात पडते, हे तपासल्याखेरीज तो खराही मानता येत नाही. ही तपासणी कशी करावी, याचे उत्तम उदाहरण म्हणून इंटेलच्या पहिल्या 'कोअर आय-७' मालिकेकडे पाहता येईल.

नोव्हेंबर २००८मध्ये या मालिकेतील तीन प्रोसेसर बाजारात आले. 'आय-७ ९२०'ची किंमत २८४ डॉलर, '९४०'ची ५६२ डॉलर आणि '९६५ एक्स्ट्रीम'ची ९९९ डॉलर होती. (हे दर एक हजार नगांच्या घाऊक खरेदीचे होते.) तिघांचीही अंतर्गत रचना एकच होती. प्रत्येकात चार कोअर, हायपर-थ्रेडिंगमुळे एकाच वेळी आठ थ्रेड चालवण्याची सोय, ८ मेगाबाइटची सामायिक कॅश मेमरी आणि ७३ कोटी १० लाख ट्रान्झिस्टर होते. तिघेही त्याच प्रकारच्या मदरबोर्डवर बसत. मुख्य फरक होता तो वेगाचा. ९२० हा २.६६ गिगाहर्ट्झवर, तर ९६५ हा ३.२ गिगाहर्ट्झवर चालत असे. याखेरीज ९६५चा गुणक वापरणाऱ्याला हवा तसा वाढवता येत असे. त्यामुळे ठरीव वेगाच्या पलीकडे प्रोसेसर पळवण्याची हौस असलेल्यांना तो आकर्षक वाटे. अर्थात ९२०चा वेगही मूळ १३३ मेगाहर्ट्झचा क्लॉक वाढवून चढवता येत होता.

हिशेब कसा मांडावा?

वेगातील फरक सुमारे २० टक्के. किमतीतील फरक साडेतीन पट. आता हा हिशेब मिनिटांत मांडून पाहू. समजा, एखाद्या चित्रफितीचे रूपांतर करण्यास ९२०ला ६० मिनिटे लागतात. हे काम पूर्णपणे प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून आहे असे धरले, तर ९६५ला त्यासाठी सुमारे ५० मिनिटे लागतील. म्हणजे ७१५ डॉलर जास्त मोजून तासामागे दहा मिनिटे वाचतात. प्रत्यक्षात बचत याहूनही कमी होते. प्रोसेसरचा वेग वाढला म्हणून मेमरी किंवा हार्ड डिस्क त्या प्रमाणात वेगवान होत नाही आणि प्रोसेसरला त्यांची वाट पाहावीच लागते.

ही दहा मिनिटे कोणासाठी मोलाची? दिवसभर चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमितीय चित्रांचे रेंडरिंग करणाऱ्या व्यावसायिकासाठी ती निश्चितच मोलाची आहेत. त्याचा वेळ हेच त्याचे उत्पन्न असते. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, इंटरनेट पाहणे आणि अधूनमधून छायाचित्रे नीटनेटकी करणे, एवढाच वापर असलेल्या घरात मात्र प्रोसेसरचा बराचसा वेळ रिकामाच जातो. तेथे ही दहा मिनिटे कधी वाचतच नाहीत.

आकडे फसवे असतात

केवळ गिगाहर्ट्झ पाहून निर्णय घेणे धोक्याचे. २००६मध्ये आलेला २.४ गिगाहर्ट्झचा 'कोअर २ ड्युओ ई६६००' हा त्याआधीच्या ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ला सहज मागे टाकत असे. दर ठोक्याला प्रोसेसर किती काम उरकतो, हे ठोक्यांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे असते.

कोअरच्या संख्येचेही तसेच. जीन अॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला युक्तिवाद येथे उपयोगी पडतो. समजा, १०० मिनिटांच्या कामापैकी ६० मिनिटांचाच भाग अनेक कोअरमध्ये वाटता येतो. चार कोअर असतील, तर ते काम ५५ मिनिटांत होईल. आठ कोअर लावले, तर साडेसत्तेचाळीस मिनिटांत. कोअर दुप्पट झाले, पण बचत झाली ती अवघ्या साडेसात मिनिटांची! उरलेली ४० मिनिटे एकाच कोअरला एकट्याने काढावी लागतात.

कॅश मेमरीचा प्रभावही कामानुसार बदलतो. एप्रिल २०२२मध्ये एएमडीने आणलेल्या 'रायझन ७ ५८००एक्स३डी'मध्ये ९६ मेगाबाइटची तिसऱ्या स्तराची कॅश होती. त्याचा वेग '५८००एक्स'पेक्षा थोडा कमी असूनही बहुतेक खेळांत तो सरस ठरला. रेंडरिंगसारख्या कामात मात्र कमी वेगाचाच तोटा दिसला. म्हणूनच बेंचमार्क चाचण्यांची एकत्रित सरासरी न पाहता आपण जे काम करतो, त्याच कामाची चाचणी पाहावी.

भोवतालचा खर्च आणि काळ

प्रोसेसर एकटा येत नाही. आय-७ ९२० स्वस्त भासला, तरी त्यासाठी एक्स५८ चिपसेटचा नवा मदरबोर्ड आणि तेव्हा महाग असलेली डीडीआर-३ मेमरी घेणे भाग होते. या प्रोसेसरची उष्णतेची ठरीव मर्यादा १३० वॉट होती, म्हणजे चांगला पंखा आणि पुरेशा क्षमतेचा पॉवर सप्लाय हवा. संगणक यूपीएसवर चालवायचा असेल, तर त्याचीही क्षमता पाहावी लागते. संगणकाला १०० वॉट जास्त लागत असतील आणि तो रोज पाच तास चालत असेल, तर वर्षाला सुमारे १८२ युनिट वीज अधिक खर्च होते.

सर्वात मोठा खर्च मात्र काळ वसूल करतो. 'कोअर २ क्वाड क्यू६६००' जानेवारी २००७मध्ये ८५१ डॉलरला आला आणि त्याच वर्षी जुलैत २६६ डॉलरवर उतरला. ९६५ एक्स्ट्रीमलाही हेच भोगावे लागले. जून २००९मध्ये त्याच ९९९ डॉलरला ३.३३ गिगाहर्ट्झचा ९७५ आला. सप्टेंबर २००९मध्ये तर १९६ डॉलरच्या 'आय-५ ७५०'ने गरजेच्या वेळी एका कोअरवर ३.२ गिगाहर्ट्झ गाठून दाखवले. त्यात हायपर-थ्रेडिंग नव्हते हे खरे. पण घरगुती वापरासाठी ते अनिवार्यही नव्हते.

तात्पर्य, प्रोसेसर घेताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझे कोणते काम सध्या अडते? ते प्रोसेसरमुळेच अडते का? आणि जास्तीच्या किमतीत त्या कामाची किती मिनिटे वाचतील? तिन्हींची उत्तरे ठाम असतील, तर महागडा प्रोसेसर अवश्य घ्यावा. नसतील, तर मधल्या किमतीचा घेऊन उरलेले पैसे अधिक मेमरी, वेगवान एसएसडी आणि डोळ्यांना सुखावह अशा मॉनिटरवर खर्च करावेत. त्याचा लाभ रोज मिळतो.