गाडीची बॅटरी खरंच गेली आहे का? अशी तपासा

मागच्या ऊस हंगामात इंदापूरला काकांचा ट्रॅक्टर सुरूच होईना. तोडणी टोळी फडात येऊन बसलेली. "बॅटरी गेली, नवीन टाका," असं एका दुकानदाराने सांगितलं. मी म्हटलं, "काका, आधी मोजून तर बघू!"

मोबाईलवर टक्के दिसतात, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाही. ही शिसं आणि ॲसिडची बॅटरी गॅस्टन प्लांटे यांनी 1859 मध्ये बनवली. 1912 मध्ये कॅडिलॅकने इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर दिला आणि हँडल मारायचं काम सुटलं. पण तपासायची मूळ पद्धत अजून तीच आहे.

1. व्होल्टेज: गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे फुल, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. आमची 12.2 होती.

2. हायड्रोमीटर: बॅटरी उतरते तसं ॲसिड वापरलं जातं, पाणी तयार होतं आणि घनता कमी होते. फुल चार्जला ती 1.265 च्या आसपास असते. सहा सेलपैकी एकच सेल 0.050 पेक्षा जास्त मागे असेल, तर बहुतेक तो सेल खराब आहे. आमचे सहाही सेल 1.190 च्या जवळ होते. म्हणजे बॅटरी खराब नव्हती, उपाशी होती!

3. लोड: फुल चार्ज करून स्टार्टर मारा. व्होल्टेज 9.6 च्या खाली जायला नको. आमची बॅटरी पास झाली.

4. चार्जिंग: इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. आमच्याकडे जेमतेम 12.3! अल्टरनेटरचा पट्टा ढिला होता. पट्टा ताणला, काम झालं. नवीन बॅटरी टाकली असती, तर तीही आठवड्यात उतरली असती.

सगळ्या बॅटऱ्यांना हेच चालतं का? नाही. एडिसनची निकेल-लोखंड बॅटरी 1903 च्या सुमारास बाजारात आली, पण गळतीमुळे परत घ्यावी लागली. सुधारित बॅटरी 1909 मध्ये आली. तिच्यातल्या द्रावाची घनता चार्जप्रमाणे फारशी बदलत नाही, त्यामुळे हायड्रोमीटर निरुपयोगी. तुमच्या फोनमधली लिथियम बॅटरी तर सीलबंदच. बारामतीत पियाजिओच्या कारखान्यात बनणाऱ्या इलेक्ट्रिक ॲपेचीही तीच गोष्ट. तिथे सॉफ्टवेअर व्होल्टेज आणि आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्क्यांचा अंदाज बांधतं. म्हणून जुना फोन कधीकधी 15 टक्क्यांवरच बंद पडतो.

सावधान: चार्जिंगवेळी हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. ॲसिडपासून डोळे जपा. सीलबंद बॅटरी उघडू नका.

नवीन बॅटरीचे पैसे मोजण्याआधी हे चार आकडे मोजा.