पकडलेला कुत्रा परत त्याच गल्लीत का सोडतात? या नियमामागच्या मनेका गांधी कोण?

रात्री उशिरा गाडीवरून घरी जाताना मागे कुत्री लागली नाहीत, असा माणूस छत्रपती संभाजीनगरमध्ये शोधून सापडणार नाही. मग महापालिकेकडे तक्रार जाते. गाडी येते, कुत्री उचलते, आणि काही दिवसांनी तीच कुत्री कानाला खूण घेऊन त्याच चौकात हजर! लोक चिडतात. पण कायदाच तसा आहे. नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. हा नियम २००१ मध्ये आला. मनेका गांधी तेव्हा केंद्रात मंत्री होत्या.

राजकारणात कशा आल्या?

मनेका यांचा जन्म १९५६ मध्ये दिल्लीत झाला. १९७४ मध्ये त्यांचं संजय गांधींशी लग्न झालं. जून १९८० मध्ये संजय गांधी विमान अपघातात गेले, तेव्हा मनेका २३ वर्षांच्या होत्या आणि मुलगा वरुण जेमतेम तीन महिन्यांचा. १९८२ मध्ये सासू इंदिरा गांधींशी बिनसलं आणि त्या घराबाहेर पडल्या. त्यांनी राष्ट्रीय संजय मंच काढला. १९८४ मध्ये अमेठीत थेट दीर राजीव गांधींविरुद्ध उभ्या राहिल्या आणि हरल्या.

१९८९ मध्ये जनता दलाच्या तिकिटावर पिलिभीतमधून त्या खासदार झाल्या आणि व्ही. पी. सिंग सरकारमध्ये पर्यावरण राज्यमंत्री बनल्या. पुढे अपक्ष, मग २००४ पासून भाजप. पक्ष बदलले, पण प्राण्यांचा विषय सुटला नाही. एकूण आठ वेळा त्या लोकसभेवर निवडून आल्या. १९९२ मध्ये त्यांनी 'पीपल फॉर ॲनिमल्स' ही संस्था सुरू केली.

सर्कशीतले वाघ-सिंह कुठे गेले?

भारतीय सर्कस सुरू केली ती मराठी माणसाने, विष्णुपंत छत्रे यांनी. नंतर कित्येक दशकं वाघ-सिंह नाहीत ती सर्कस कसली, असंच समीकरण होतं. १९९८ मध्ये मनेका सामाजिक न्याय राज्यमंत्री असताना केंद्राने अधिसूचना काढली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी आली. सर्कसवाले कोर्टात गेले, पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली.

प्राण्यांचे हाल थांबले, हे खरं. पण अस्वल घेऊन फिरणारे दरवेशी आणि माकडवाले यांचा पिढीजात धंदाही गेला. प्राणी वाचवायचे, तर त्यांच्यावर पोट असलेल्या माणसांचं काय? हा प्रश्न मनेका यांच्या कारकिर्दीत पुन्हा पुन्हा आला.

अवनी प्रकरण काय होतं?

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात टोकाला गेला २०१८ मध्ये. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ म्हणजेच अवनी वाघिणीची दहशत होती. दोन वर्षांत १३ जणांचा बळी गेल्याचं सांगितलं जात होतं. लोक शेतात जायला घाबरत होते. २ नोव्हेंबरच्या रात्री खासगी शिकाऱ्याच्या गोळीने वाघीण मेली. तिला दोन बछडे होते.

मनेका तेव्हा केंद्रात महिला व बालविकास मंत्री होत्या. त्यांनी याला सरळ हत्या म्हटलं आणि महाराष्ट्राचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर कारवाईची मागणी केली. दोघंही भाजपचेच. मुनगंटीवारांनी उलट विचारलं, कुपोषणाने मुलं दगावतात, त्याची जबाबदारी घेऊन मनेका राजीनामा देतील का?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियम पाळले गेले नसल्याचा ठपका आला. पण त्या गावांमध्ये वाघीण मेल्यावर फटाके फुटले होते, हेही तितकंच खरं. ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला दिल्लीतलं ट्वीट पटणं अवघडच.

टीका कशावरून होते?

मनेका यांची भाषा हा कायम वादाचा विषय राहिला. जून २०२१ मध्ये पशुवैद्यकांना फोनवर शिवीगाळ केल्याच्या ऑडिओ क्लिप व्हायरल झाल्या आणि देशभरातल्या पशुवैद्यकांनी निषेध केला. दुसरा आक्षेप भटक्या कुत्र्यांचा. नसबंदीचा नियम आहे, पण पुरेशी कुत्री पकडली जात नाहीत, मग संख्या कमी होणार कशी? मनेका यांचं म्हणणं असं की दोष नियमात नाही, तो न राबवणाऱ्या पालिकांत आहे.

आता काय?

२०२४ मध्ये सुलतानपूरमधून त्या ४३ हजारांहून जास्त मतांनी हरल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवारा केंद्रात ठेवायला सांगितलं, तेव्हा हे शक्यच नाही म्हणून त्या पुन्हा पुढे आल्या. काही दिवसांतच न्यायालयाने तो आदेश बदलला. रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदीनंतर परत सोडायला परवानगी मिळाली. नोव्हेंबरमध्ये मात्र शाळा, दवाखाने, बसस्थानकं इथून उचललेली कुत्री परत तिथे सोडू नयेत, असा आदेश आला.

मनेका यांच्यासारखं नाव इटलीतही आहे. माजी पर्यटनमंत्री मिकेला ब्रांबिला यांच्या प्रयत्नांतून २०२५ मध्ये तिथे प्राण्यांवरच्या क्रूरतेसाठी शिक्षा वाढली. आपल्याकडे जनावराला ठार मारलं किंवा जायबंदी केलं, तर भारतीय न्याय संहितेनुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मारहाणीसारख्या पहिल्या गुन्ह्याला आजही दंड आहे १० ते ५० रुपये. आठ वेळा खासदार आणि अनेकदा मंत्री होऊनही मनेका यांना तो आकडा बदलता आलेला नाही.