घरांचा आराखडा आणि आपली हरकत : बारामती-इंदापूरकरांसाठी माहिती

शहरात नवी घरे कुठे होणार, रस्ता कुणाच्या दारावरून जाणार, शाळा, दवाखाना, कब्रस्तान यांना जागा राहणार की नाही, हे विकास आराखड्यात ठरते. बारामती आणि इंदापूर शहरांत तो करण्याचे काम नगरपरिषदेचे. त्याला आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याचा.

या कायद्याच्या कलम 26 नुसार प्रारूप आराखडा, म्हणजे कच्चा मसुदा, राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर करावा लागतो. त्या दिवसापासून 30 दिवस हरकती व सूचना देता येतात. नकाशा नगरपरिषदेत पाहायला ठेवलेला असतो. अडचण अशी की नोटीस बारीक टाईपात, मराठी पेपरच्या आतल्या पानावर येते. ज्या घरांत फक्त उर्दू पेपर येतो, तिथे ती कुणाच्या नजरेला पडतच नाही. मोहल्ल्यातल्या एखाद्या मराठी शिकलेल्या पोराने किंवा पोरीने ती जुम्म्याला मस्जिदीबाहेर वाचून दाखवली तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट शब्दाची. आपल्या घरातल्या उर्दूत ‘हरकत’ म्हणजे हालचाल, नाहीतर पोरांची खोडी. मराठी कचेरीत हरकत म्हणजे आक्षेप. हरकत घेतली म्हणजे सरकारशी भांडण काढले असे मुळीच नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशातली जागा, नेमके काय बदलावे आणि का, एवढे साध्या कागदावर लिहावे आणि पोच घ्यावी. कलम 28 प्रमाणे नियोजन समिती सुनावणी घेते. तिथे स्वतः जावे. आमच्या मते पन्नास सह्यांच्या एका अर्जापेक्षा, प्रत्येक घराने आपली अडचण सांगणारे वेगवेगळे अर्ज जास्त उपयोगी पडतात.

आराखडा मंजूर झाला की काम संपले असे समजू नये. गरिबांच्या घरांसाठी आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. म्हणून अधूनमधून विचारपूस चालू ठेवावी लागते.

खेड्यात मात्र ग्रामसभाच महत्त्वाची. इंदापूर तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. उजनीच्या पाण्याखाली पळसदेवसारखी जुनी गावठाणे गेली आणि माणसांना नव्या जागी घरे मांडावी लागली. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेसमोर येते. नाव गळले असेल तर तिथेच बोलावे, इतिवृत्तात नोंद करून घ्यावी आणि लेखी अपील करावे. सपाट भागात घरकुलाला 1,20,000 रुपये मिळतात, घर किमान 25 चौरस मीटरचे हवे. योजनेच्या निधीतला शक्यतो 15 टक्के भाग अल्पसंख्याकांसाठी ठेवावा, असेही मार्गदर्शक सूचनांत आहे. आपल्या बायकांनी ग्रामसभेला जरूर जावे. चूल, पाणी आणि मोरीची जागा कुठे हवी हे त्यांच्याइतके कुणाला कळते?

खाजगी बिल्डरच्या फ्लॅटबाबत थोडक्यात : जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि आठहून अधिक फ्लॅट असतील तर महारेरा नोंदणी लागते. मंजूर नकाशा त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. बयाणा देण्याआधी तो पाहावा.