दवबिंदूचे लालनपालन

युरोपातील पाणथळ माळांवर जमिनीलगत पसरणारी, चवलीहूनही लहान गोल पानांची आणि त्या पानांवरील तांबड्या केसांच्या टोकांवर चिकट थेंब वागवणारी दवबिंदू ही क्षुद्र वनस्पती वैद्यांच्या परिचयाची होऊन कित्येक शतके लोटली, तरी तिचे लालनपालन करावे असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही. तिला उपटावे, वाळवावे, मद्यात भिजवावे, एवढाच तिच्याशी मनुष्याचा व्यवहार होता. ऐन दुपारी गवतावरचे दव उडून गेले तरी हिचे थेंब आटत नाहीत, या प्रत्यक्षावरून त्या काळच्या पंडितांनी असे अनुमान बांधले की, जी स्वतःचा ओलावा राखते ती क्षयाने शुष्क होत चाललेल्या देहाचाही राखील. जॉन जेरार्डने मात्र १५९७ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात, हिचा अर्क घेणारे रोगी न घेणाऱ्यांच्या आधीच दगावतात, असा शेरा मारून ठेवला आहे. त्या शेऱ्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. मसालेदार दवबिंदू-मद्य पुढेही हौसेने प्राशन केले जात होते.

हिची पाने मिटून कीटकास धरतात, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस रोट या जर्मन वैद्याने पाहिले होते; परंतु या मामल्याची रीतसर चौकशी व्हायला १८६० चा उन्हाळा उजाडावा लागला. ससेक्स परगण्यातील हार्टफील्ड येथे आप्तांकडे मुक्कामास असता चार्ल्स डार्विनने माळावरून बारा रोपे सहज उचलली, आणि त्यांच्या ५६ पानांपैकी ३१ पानांवर मेलेले कीटक अथवा त्यांचे अवशेष त्यास आढळले. ज्याच्या ग्रंथाने नुकतेच सारे जग ढवळून काढले होते, त्या गृहस्थाने आपल्या मित्रास असे लिहावे की, जगातील सर्व जीवजातींच्या उगमापेक्षा या दवबिंदूची आपणास अधिक मातब्बरी वाटते, यात विनोदाचा भाग किती आणि खरेपणाचा किती हे ठरवणे कठीण. मला तो बव्हंशी खरेपणा वाटतो.

आता ही वनस्पती डार्विनच्या घरी पाहुणी म्हणून राहिली, आणि यजमानाने तिच्यापुढे कच्चे मांस, अंड्याचा पांढरा बलक, दूध, काचेचे कण, मनुष्याच्या केसाचे तुकडे असे एकेक पदार्थ ठेवून ती काय स्वीकारते व काय नाकारते याचा चोख जमाखर्च मांडला. मांस पचू लागे, काच काही काळाने टाकून दिली जाई. शुद्ध पाण्याच्या थेंबाने पान हलत नसे, परंतु एका ग्रेन वजनाचे सुमारे दोन कोटी भाग केले तर त्यांतील एका भागाएवढ्या अमोनियम फॉस्फेटने पानावरील केस वाकत, आणि या आकड्यावर खुद्द डार्विनचाही प्रथम विश्वास बसला नाही. हा सारा तपशील १८७५ च्या त्याच्या कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथात आहे.

तथापि एक आक्षेप शिल्लक होता: कीटक खाल्ल्याने झाडाचे कल्याण होते, हे सिद्ध कोठे झाले? त्याचे उत्तर डार्विनचा पुत्र फ्रान्सिस याने सूप पिण्याच्या बशांतून दिले. शेवाळात लावलेल्या रोपांच्या प्रत्येक बशीच्या मधोमध आडपडदा घालून, बाहेरचे कीटक शिरू नयेत म्हणून वर जाळी पसरून, त्याने एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे अतिसूक्ष्म कण दिले आणि दुसऱ्या बाजूची उपाशी ठेवली; १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की, पोसलेल्या रोपांच्या बियांचे एकूण वजन उपाशी रोपांच्या तिपटीहून अधिक भरले. उपाशी रोपे मेली नाहीत, एवढेच. वंशवृद्धीत ती मागे पडली.

या वनस्पतीच्या संगोपनाचा सारा शिरस्ता यातूनच समजतो. ज्या दलदलीत नत्र जवळपास नाही तेथे ती वाढली, म्हणून तिने आपला शिधा हवेतून मिळवला. तिची मुळे मुख्यत्वे पाण्यापुरती. बागेची कसदार माती, शेणखत आणि नळाचे क्षारयुक्त पाणी या तिन्ही गोष्टी, ज्या अन्य झाडांवर आपण प्रेमाने ओततो, तिला विषासमान होत. तिला पीट आणि वाळूची कुंडी, पावसाचे अथवा ऊर्ध्वपातित पाणी भरलेली बशी, आणि भरपूर उजेड पुरतो; मांसाचा मोठा तुकडा दिला तर पान काळे पडून कुजते. तिचा औषधी लौकिक मात्र अद्यापि सरलेला नाही: होमिओपॅथीचा जनक हानेमान याने डांग्या खोकल्यावर सांगितलेले ड्रॉसेरा, म्हणजे हिचेच औषध, आपल्याकडील होमिओपॅथीच्या पेटीतही असते, आणि युरोपात दलदली आटल्यामुळे औषधासाठी मादागास्करातून वाळलेली रोपे गोळा होतात.

आपल्या सह्याद्रीतही दवबिंदूच्या काही जाती आहेत, आणि २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत आलेल्या कासच्या पठारावर, जांभ्यावरील बोटभर निकस मातीत, त्यांतल्या काही पावसाळ्यात दिसतात. तेथे जाल तेव्हा खाली वाकून अवश्य पाहा, पण उपटून आणू नका, कारण घरच्या खतावलेल्या कुंडीत ती रोपे मरतातच. ज्यास हौस असेल त्याने रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेले रोप घ्यावे आणि खताचा डबा त्याच्यापासून दूर ठेवावा.